मुलींच्या मनाला बळ देणारी बाग

(देवळाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत भगिनीमंडळाच्या वतीनें वाचलेलें भाषण)



आपल्या देवळाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं. ह्या आनंदाच्या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची संधि आमच्या मंडळास दिल्याबद्दल महोत्सव समितीचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतों. महोत्सव म्हटला म्हणजे मागें वळून पाहणें ओघानेंच आलें. ज्यांनीं टोपल्यांतून दगडमाती वाहून ह्या देवळाचा पाया भरला, त्यांचें स्मरण आज सकाळच्या मिस्सेंत झालेंच आहे. आम्हांला मात्र पुढच्या पन्नास वर्षांविषयीं, आणि तीं वर्षें ज्यांच्या हातीं जावयाचीं आहेत त्या आपल्या तरुण मुलींविषयीं बोलावयाचें आहे.

विषय दिसावयास लहान आहे. देवळाच्या उत्तरेस, जुन्या विहिरीजवळ, सुमारें पांच गुंठे जागा मोकळी पडली आहे. लग्नकार्याच्या दिवशीं येणारीं वाहनें उभीं करतां यावींत म्हणून ती फरसबंद करावी, अशी एक सूचना समितीपुढें आहे. तेथें बारा ते वीस वर्षांच्या मुलींसाठीं बाग करावी, ही दुसरी सूचना आमच्या मंडळाची आहे. महोत्सवाचें वर्ष संपण्यापूर्वीं ह्याचा निर्णय व्हावयाचा आहे. म्हणून अशी बाग कां हवी आणि ती कशी असावी, हें आज आपणांसमोर मांडण्याची परवानगी असावी.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतों. सहा वर्षांपूर्वीं आमच्याच मंडळानें त्या जागेंत एक बाग केली होती. हेतु चांगला होता. शहरांतून गुलाबाचीं रोपें आणलीं, कडेनें विटा लावून वाफे केले, मधोमध कट्टा बांधला आणि 'फुलांना हात लावूं नये' अशी पाटी उभी केली. उद्घाटनाच्या दिवशीं मुलींनीं तेथें छायाचित्रें काढून घेतलीं. त्यानंतर त्या तिकडे फिरकल्या नाहींत. सायंकाळीं कट्ट्यावर वडीलधारी पुरुषमंडळी बसूं लागली; त्यांच्या नजरेसमोर एकटीदुकटीनें जाऊन बसणें कोणत्या मुलीला आवडेल? पुढें वैशाखांत विहिरीचें पाणी मचूळ झालें. गुलाब हें क्षाराला नाजूक झाड. तें पाणी न सोसून एकेक रोप वाळून गेलें. आम्हीं मुलींना विचारलें, "पोरींनो, तुमच्यासाठीं एवढी बाग केली, आणि तुम्ही आलां कां नाहीं?" तेव्हां नववींतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, ती बाग बघायची होती, बसायची नव्हती." तिचें तें वाक्य आम्ही विसरलों नाहीं. आज आम्ही जें सांगणार आहों, त्याचा आरंभ तेथून झाला.

कोणी म्हणेल, मुलींना वेगळी जागा हवी कशाला? देवळाचें मोठें पटांगण आहे. तें कोणालाही बंद नाहीं. खरें आहे. परंतु एखाद्या सायंकाळीं पांच वाजतां त्या पटांगणाकडे नीट पाहावें. मध्यभागीं मुलांचा क्रिकेटचा डाव रंगलेला असतो, कडेला लहान मुलें पळत असतात, आणि चौदापंधरा वर्षांच्या मुली धर्मशिक्षणाचा वर्ग सुटतांच भिंतीच्या कडेकडेनें घरीं जातात. पटांगणाचें दार त्यांच्यासाठीं कोणीं लावलेलें नाहीं. तरीही त्या आंत नाहींत.

हें केवळ आपल्या गांवचें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं १४६ देशांतील अकरा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींविषयींची माहिती एकत्र केली, तेव्हां २०१६ सालीं पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचें प्रमाण मुलांमध्यें शेंकडा ७८, तर मुलींमध्यें शेंकडा ८५ आढळलें. म्हणजे दोघांचीही स्थिति चिंतेची आहे, आणि मुलींची अधिक.

ह्याचें कारण काय, ह्याचा कसोशीनें विचार ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना येथें झाला. त्या नगरपालिकेंत १९९२ सालीं स्त्रियांच्या प्रश्नांसाठीं स्वतंत्र कचेरी उघडण्यांत आली, आणि तिची धुरा एव्हा काइल ह्या नगररचनाकार बाईंकडे सोंपविण्यांत आली. पुढें १९९६-९७ च्या सुमारास तेथील उद्यानांची पाहणी झाली. तींत असें दिसून आलें कीं, वयाच्या नवव्या वर्षानंतर उद्यानांत येणाऱ्या मुलींची संख्या झपाट्यानें घटते. मुलांची तशी घटत नाहीं. एकच एक मोठें मैदान असलें म्हणजे त्यावर मुलांचा ताबा बसतो. जागेसाठीं झगडण्याची वेळ आली म्हणजे मुली झगडत बसत नाहींत; त्या निघून जातात. आपल्या पटांगणांत आपण रोज पाहतों तें हेंच.

मग त्या नगरीनें केलें काय? १९९९ सालीं मार्गारेटेन ह्या भागांतील दोन उद्यानांची नव्यानें रचना करण्यांत आली. आइन्सीडलर उद्यान हें त्यांपैकीं एक. मुलांना हांकलून देण्यांत आलें नाहीं, कीं मुलींना धीटपणाचा उपदेश करण्यांत आला नाहीं. पाऊलवाटा वाढविल्या, व्हॉलीबॉल व बॅडमिंटन ह्यांसारख्या खेळांना जागा दिल्या, आणि मोठा मोकळा पट्टा झाडाझुडपांच्या मांडणीनें लहान लहान भागांत विभागला. थोड्याच काळांत फरक दिसूं लागला. निरनिराळे गट एकाच उद्यानांत, कोणी कोणाला न ढकलतां, वावरूं लागले. बंधुभगिनींनो, मुली त्याच होत्या. बदलली होती ती जमिनीची मांडणी. ज्याला आपण मुलींचा भित्रेपणा म्हणतों, त्यांतला बराचसा भाग जागेच्या रचनेंतला दोष असतो.

हिरवळीचा मनावर काय परिणाम होतो, ह्याविषयीं अमेरिकेंतील शिकागो शहरांतलें एक संशोधन सांगण्याजोगें आहे. तेथें गरीब कुटुंबांसाठीं बांधलेल्या एका सरकारी वसाहतींत सारख्याच नमुन्याच्या उंच इमारती होत्या. कांहींच्या भोंवतीं झाडें होतीं, कांहींच्या भोंवतीं उजाड फरशी होती. कोणतें घर मिळावें हें भाडेकरूंच्या निवडीवर नव्हतें. तेथील १६९ मुलामुलींची पाहणी आंद्रेआ फेबर टेलर, फ्रान्सेस कुओ व विल्यम सलिव्हन ह्या तिघांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केली. ज्या मुलींच्या घरांतून अधिक हिरवें दृश्य दिसे, त्यांचें लक्ष एकाग्र करण्याचें, मनाचा पहिला आवेग आवरण्याचें आणि मिळणाऱ्या सुखासाठीं धीर धरण्याचें सामर्थ्य अधिक आढळलें. मुलांच्या बाबतींत घरासमोरच्या हिरवळीचा असा संबंध दिसला नाहीं. मुलें खेळावयास घरापासून दूर जातात, हें त्याचें कारण असावें असा संशोधकांचा तर्क होता. जिला दूर जाऊं दिलें जात नाहीं, तिला जवळची झाडेंच उपयोगी पडतात. आपल्या घरोघरच्या शिस्तीचा विचार केला तर हा निष्कर्ष आपणांस किती लागू आहे, हें निराळें सांगावयास नको.

तिसरें उदाहरण स्वीडनमधील उमेओ नगरीचें. तेथें २०१६ सालीं एका उद्यानांत तरुण मुलींना आधीं विचारून, त्यांच्याशीं बोलणीं करून, एक बैठकीची जागा करण्यांत आली. मुलींच्या विचारानें तेथें छपराखालीं समोरासमोर झुलणाऱ्या बैठकी, निरनिराळ्या उंचीवर, बांधण्यांत आल्या. मैत्रिणींना एकमेकींकडे तोंड करून बोलत बसतां यावें, एवढीच ती साधी गरज होती. परंतु ती कोणा वडीलधाऱ्याच्या ध्यानांत आपण होऊन आली असती असें आम्हांला वाटत नाहीं. आमच्या गुलाबांच्या बागेंत तर सगळ्यांनीं एकाच दिशेला तोंड करून बसावें असा एकच लांब कट्टा होता.

आतां मुख्य मुद्दा. आत्मविश्वास मनुष्याला येतो कोठून? आल्बर्ट बँडुरा ह्या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं ह्या प्रश्नाचें विवेचन केलें. त्याच्या मतें आत्मविश्वासाचा सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतःच्या हातानें पार पाडलेलें काम. दुसऱ्याला तें करतांना पाहणें आणि दुसऱ्यानें 'तुला जमेल' असें म्हणणें ह्यांचाही उपयोग होतो. परंतु त्यांचा क्रम नंतरचा. ही गोष्ट आपल्या वसईच्या मातीला नवी नाहीं. आपल्या आज्यापणज्या पहांटे फुलांच्या नि भाजीच्या टोपल्या घेऊन गाडीनें मुंबईच्या बाजारांत जात. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. पण दलालाशीं भाव करतांना त्यांचा आवाज कांपत नसे. त्यांना व्याख्यान देऊन कोणीं धीट केलें नव्हतें. वाडींतला मोगरा त्यांनीं स्वतः खुडलेला असे, त्याची किंमत त्यांना ठाऊक असे, आणि आलेला पैसा पदराच्या गांठीं त्यांनींच बांधलेला असे. आज अनेक वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. नाती शिकल्या, ही आनंदाची गोष्ट. परंतु हातांत माती घेऊन, आपल्या बुद्धीनें एखादी गोष्ट उगवून दाखविण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें असें: मुलींसाठीं केलेली बाग मुलींना फारसें बळ देणार नाहीं, मुलींनीं केलेली बाग देईल. वडिलांनीं जमीन द्यावी, पाणी द्यावें, अवजारें द्यावींत, विचारलें तर सल्ला द्यावा, आणि मग दोन पावलें मागें सरावें.

ह्या तत्त्वानुसार रचना कशी करतां येईल, ह्याविषयीं मुलींशीं झालेल्या बोलण्यांतून आमच्या मनांत जें आलें तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट दारांची. बागेला दोन दारें असावींत, एक देवळाच्या बाजूस व एक रस्त्याच्या बाजूस. ज्या जागेंतून बाहेर पडण्यास एकच वाट असते, तेथें आंत जातांना मुलगी कचरते. कोठेंही आडोशाची बंद गल्ली नसावी. वाटेलगतचीं झुडपें कमरेच्या खालीं राखावींत, आणि मोठ्या झाडांच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटाव्यात, म्हणजे नजर आरपार जाईल. वाटेवर एकच प्रखर दिवा लावूं नये, कारण त्याच्या पलीकडचा काळोख अधिकच दाट वाटतो; सौम्य दिवे थोड्या थोड्या अंतरावर असावेत. उंच भिंत बांधली म्हणजे सुरक्षितता आली, अशी आपली समजूत असते. परंतु भिंतीनें बाहेरचा माणूस जसा अडतो तशी आंतली हांकही अडते. म्हणून भिंत नको. कमरेएवढें मेंदीचें कुंपण पुरे.

दुसरी गोष्ट बैठकींची. जे ऍपलटन ह्या इंग्रज भूगोलतज्ज्ञानें १९७५ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, जेथून आपल्याला समोरचें दिसतें पण आपली पाठ झांकलेली असते, तेथें मनुष्याला बरें वाटतें. घरांतली आजी दारांत बसतांना भिंतीला टेकून अंगणाकडे तोंड करून बसते, तें ह्याचमुळें. म्हणून बैठकींच्या पाठीशीं झुडूप असावें आणि समोर मोकळी वाट असावी. बैठकी तीन प्रकारच्या असाव्यात. पांचसहा जणींनीं गोलाकार बसण्याची एक. दोघींनीं मनांतलें बोलण्याची एक. आणि एकटीनें बसण्याची एक. ह्या तिसरीवर आमचा विशेष भर आहे. भरल्या घरांत एकटें बसावयास कोपरा नसलेली, परीक्षेचा निकाल किंवा कोणाचा लागलेला शब्द मनांत घेऊन फिरणारी मुलगी कोठें जाईल? एकटी बसलेली मुलगी दिसली कीं 'काय झालें, काय झालें' म्हणून तिच्याभोंवतीं जमण्याची आपल्याला संवय आहे. तेथें आपण थोडें आवरावें. एक मोठा झोपाळाही असावा, आणि तो लहान मुलांसाठीं नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीलाही झोंके घ्यावेसे वाटतात.

तिसरी गोष्ट हालचालीची. सर्व जागा फुलांनीं भरूं नये. बॅडमिंटनला पुरेल इतकी सपाट जमीन एका बाजूस राखावी. ती वाटेच्या अगदीं काठावर नसावी, म्हणजे प्रत्येक येणाराजाणारा उभा राहून पाहणार नाहीं.

चौथी गोष्ट उघडपणें बोलण्यास संकोच वाटतो अशी, पण बोललीच पाहिजे. बागेजवळ मुलींसाठीं कडी असलेलें, पाण्याचें, दिव्याचें आणि झांकणाची टोपली असलेलें स्वच्छतागृह हवें. तें नसेल तर महिन्यांतले चार दिवस मुली येणार नाहींत, आणि चार दिवसांची संवय पुढें आठ दिवसांची होईल. त्या दिवसांत झाडाला हात लावला तर झाड मरतें, अशी समजूत अजून कोठें कोठें ऐकूं येते. तिला कांहीं आधार नाहीं. आमचे गुलाब मेले ते खाऱ्या पाण्यानें मेले, कोणा मुलीच्या हातानें नव्हे.

पांचवी गोष्ट पाण्याची. आपल्या पूर्वजांनीं वाड्यांतून बावखलें खणलीं होतीं. पावसाचें पाणी त्यांत सांठे, जमिनींत मुरे, आणि विहिरी गोड्या राहत. आपल्याकडे वर्षाला सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे छपराच्या प्रत्येक चौरस मीटरावर सुमारें दोन हजार लिटर पाणी येतें आणि गटारांतून वाहून जातें. देवळाच्या छपराचें पाणी पन्हाळीनें आणून विहिरीशेजारच्या एका शोषखड्ड्यांत सोडलें, तर विहिरीला व बागेला दोहोंनाही त्याचा उपयोग होईल. तीच जागा फरसबंद केली तर तेथें पडणारें पाणीही मुरावयाचें थांबेल, हें वाहनांचा विचार करणाऱ्या बंधूंनीं ध्यानांत घ्यावें.

सहावी गोष्ट झाडांची. येथील हवेंत वाढणारीं, आणि वर्षाच्या प्रत्येक ऋतूंत कांहींतरी फुलत राहील अशीं झाडें निवडावींत. उन्हाळ्यांत मोगरा, पावसांत सोनटक्का, पाऊस ओसरतांना पहांटे सडा घालणारा पारिजातक, थंडींत शेवंती, आणि जवळजवळ बारमास अबोली. सांवलीसाठीं बकुळ, ती हळू वाढते, परंतु आज लावणाऱ्या मुलीच्या मुलीला ती सांवली देईल. कण्हेर व धोत्रा हीं विषारी झाडें टाळावींत. आणि 'हात लावूं नये' ही पाटी पुन्हां लावूं नये. वेणीला चार फुलें खुडावयास मिळालीं नाहींत तर मोगरा लावावा कशाला?

फुलांच्या जोडीस भाजी हवी. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, आपल्या देशांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या रक्तांत रक्तद्रव्य कमी आढळलें. पुष्कळ वेळां जिला आपण आळशी किंवा चिडखोर म्हणतों, ती मुलगी खरोखर अशक्त असते. म्हणून माठ, मेथी, शेवगा आणि एक लिंबाचें झाड बागेंत असावें. पालेभाजीबरोबर लिंबू पिळून घेतलें म्हणजे तिच्यांतलें लोह अंगीं अधिक लागतें, आणि जेवणासोबत चहा घेतला तर कमी लागतें, हें मुली तेथें आपोआप शिकतील. अर्थात् भाजीनें सर्व कांहीं होत नाहीं. रक्ताची तपासणी व डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या ह्यांची जागा भाजी घेऊं शकत नाहीं.

सातवी गोष्ट कामाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. दोघी दोघींना मिळून एक वाफा द्यावा. वाफा चार फुटांहून रुंद नसावा, म्हणजे आंत पाय न टाकतां दोन्हीं बाजूंनीं हात पोंचतो. प्रारंभ मेथीनें किंवा लाल माठानें करावा. तीं महिन्याभरांत काढणीस येतात, आणि पहिल्याच महिन्यांत हातीं जुडी आली कीं पुढचा धीर आपोआप येतो. वाफ्यांत काय लावावें हें मुलींनीं ठरवावें. एखादीचें पीक वाळलें तर वाळूं द्यावें. रात्रीं गुपचूप जाऊन पाणी घालणारी आई तिचें भलें करीत नाहीं. सात मुलींची एक समिति असावी, ती दरवर्षीं बदलावी, आणि बियाणें, खत व अवजारें ह्यांच्या खर्चाची वही तिच्याच हातीं असावी. रविवारीं देवळाच्या दारांत गजरे विकून चार पैसे आले तर त्यांचें काय करावें, हेंही तिनेंच ठरवावें. हिशोबांत चूक होईल. आमच्या मंडळाच्या हिशोबांतही झालेल्या आहेत.

आतां वडीलधाऱ्यांच्या शंका. देखरेख कोण करणार? रोज सायंकाळीं आमच्यापैकीं एक भगिनी देवळाच्या ओसरीवर आपलें विणकाम घेऊन बसेल. ती नजर ठेवण्यासाठीं बसणार नाहीं. हांक ऐकूं यावी म्हणून बसेल. ह्या दोहोंतला फरक मुलींना चांगला कळतो. मुलांवर अन्याय होणार नाहीं काय? मुलांचें पटांगण मुलांचेंच आहे, त्यांतली वीतभर जागाही आम्हांला नको. बाग सकाळीं सर्वांना खुली राहील. केवळ सायंकाळीं चार ते सातपर्यंत तिच्यावर मुलींचा पहिला हक्क असावा. वाहनांचें काय? लग्नाचे मुहूर्त वर्षांतून मोजके. त्या दिवशीं शाळेचें मैदान मागून घेतां येईल. मुली मात्र वर्षाचे सर्व दिवस वाढत असतात.

आणखी एक विनंती. ह्या बागेचें दार केवळ आपल्या धर्मग्रामांतील मुलींसाठीं नसावें. आपल्या वाड्यांतून कामास येणाऱ्या वारली भगिनींच्या मुली, शेजारच्या हिंदु व मुसलमान घरांतील मुली, ह्यांनाही वाफा मिळावा. त्यांच्यापैकीं पुष्कळजणींना मातीची विद्या आपल्या मुलींहून अधिक येते. त्या शिकवितील, आपल्या मुली शिकतील. आणि ज्या मुलीला शाळेंत सदा मागच्या बांकावर बसावें लागतें, ती येथें पुढें होईल.

बागेकडून जें होणार नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. बाग म्हणजे औषध नव्हे. एखाद्या मुलीची झोंप उडाली, जेवण तुटलें, तिचें रडणें पंधरा दिवस उलटले तरी थांबलें नाहीं, तर तिला मोगऱ्याजवळ नव्हे, डॉक्टरांकडे नेलें पाहिजे. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेशीं १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें. हा क्रमांक बागेच्या दाराशीं लिहून ठेवावा असें आम्हांला वाटतें. ती पाटी 'हात लावूं नये' ह्या पाटीपेक्षां अधिक उपयोगाची होईल.

शेवटीं एक आठवण. योहानाच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे कीं, पुनरुत्थानाच्या सकाळीं मग्दाला येथील मरिया बागेंत रडत उभी होती. समोर उभ्या असलेल्या प्रभूला तिनें माळी समजलें. त्यानें तिला उपदेश केला नाहीं. तिच्या नांवानें हांक मारली. त्या एका हांकेनें ती वळली, आणि जी क्षणापूर्वीं रडत होती तीच प्रेषितांकडे पहिली वार्ता घेऊन गेली. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१६ सालीं तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा दिला. आपल्याही मुलींना नांवानें हांक मारणारी, त्यांचें रडणें व त्यांचें धैर्य दोन्हीं सामावून घेणारी एखादी जागा आपल्या देवळाच्या सावलींत असावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांनीं पाया भरला तेव्हां त्यांना आपण दिसत नव्हतों. तरी त्यांनीं दगड वाहिले. आज पांच गुंठ्यांचा प्रश्न आपणांसमोर आहे. येत्या मृगाच्या पहिल्या पावसांत तेथें डांबर-फरशी धुतली जावी कीं बकुळीचें रोप लागावें, हें आपण ठरवावयाचें आहे. आपला निर्णय कांहींही झाला तरी तो आम्ही मान्य करूं. परंतु तो करण्यापूर्वीं प्रत्येकानें आपापल्या घरांतील मुलीला एकदां विचारावें, आणि ती काय सांगते तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.